नोंदवलेला नंबर

साबिराभाभी लेकीला घेऊन दुकानात आल्या तेव्हा रांगेत अकरा माणसं होती. रोह्याच्या एसटी स्टँडपासून चार दुकानं सोडून माझं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, रेल्वे आणि विमानाची तिकिटं, झेरॉक्स, लॅमिनेशन. त्या महिन्यात ई-केवायसीची गर्दी होती, बायका सकाळी डबा घेऊनच यायच्या. भाभींनी रांगेकडे बघितलंही नाही. काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाल्या, "वैशाली, माझ्या पोरीचा इंटरव्ह्यू गेला गो."

रिझवाना त्यांच्या मागे उभी होती. हिला मी दहावीपासून ओळखते. दहावीचं रिचेकिंग, नर्सिंगचा प्रवेश, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, सगळे फॉर्म माझ्याच हातचे. आता ती ओडिशात एका खाण कंपनीच्या दवाखान्यात नर्स होती. आखातातल्या एका मोठ्या रुग्णालयासाठी मुंबईत एका दिवसाच्या मुलाखती होत्या, दुपारी एक वाजता. तिकडच्या परवान्याची परीक्षा ही पोरगी दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाली होती, आणि त्या निकालाची मुदत डिसेंबरात संपत होती. म्हणजे ही मुलाखत गेली की परत परीक्षेपासून सुरुवात.

तिकीट मीच काढलं होतं. तिच्या खाणीपासून तासाभरावर एक लहानसा विमानतळ आहे, तिथून मुंबईला दिवसाला एकच विमान. सकाळी सात दहाला सुटायचं आणि पावणेदहाला मुंबईत. रिझवाना पाचला पोचली तर फाटक बंद. वॉचमन म्हणाला, विमान चार वाजता आहे, बाराच्या आधी कोणाला आत सोडत नाही.

"सात तास चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसली माझी पोर," भाभी म्हणाल्या. "एकाने पाणी विचारलं नाय."

रांगेतल्या बायकांनी माना हलवल्या. विमलबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई सगळ्यात पुढे होत्या, त्यांचं पेन्शनचं काम होतं. त्या सरकून म्हणाल्या, "बस इथं बाय, बस."

रिझवाना बसली नाही. ती म्हणाली, "ताई, पेणच्या आमीरभाईंना भेटून आले. त्यांच्याच एजन्सीने नाव पाठवलं होतं. ते म्हणाले, बारा तारखेला मुलाखतीची दुसरी यादी आहे. उशीर तुझ्या चुकीने झाला नाय असा विमान कंपनीचा कागद आण, मी तुझं नाव घालतो. विमान कंपनीच्या साइटवर सर्टिफिकेटचा फॉर्म असतो. तेवढा भरायचाय."

"एवढंच?" मी म्हटलं.

आता माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मला कोणी अन्याय सांगितला की माझं डोकं फिरतं, आणि तो दुसऱ्यावर झालेला असला की जास्तच फिरतं. एका कुरियर कंपनीला मी सोळा पत्रं लिहून एका गिऱ्हाइकाची हरवलेली पार्सल पेटी शोधायला लावली होती. ती पेटी उघडली तेव्हा आत जुन्या चादरी निघाल्या, पण ते जाऊ दे. रोह्यात लोक म्हणतात, तक्रार करायची तर वैशालीकडून लिहून घ्या. ते ऐकलं की मला बरं वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही.

"नऊ तास उशीर त्यांनी करायचा आणि आपण हात जोडून सर्टिफिकेट मागायचं?" मी म्हटलं. "भरपाई मागू. लेखी माफी मागू."

"सोडू नको त्यांना," विमलबाई म्हणाल्या.

रिझवाना म्हणाली, "ताई, एवढं नको. नुसतं सर्टिफिकेट मागवा."

"तू गप बस गो. असंच गप बसून बसून हे लोक माजलेत."

रिझवाना काहीतरी बोलणार होती असं वाटलं, पण ती "बरं" म्हणाली आणि आईचा हात धरून निघून गेली. मला वाटलं, बुजली असेल. शिकली तरी शेवटी गावची पोर.

संध्याकाळी घरी आल्यावर कुकर लावला आणि नियम वाचायला बसले. आधी चिडचिडच झाली. आपल्याकडे नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. विमान न कळवता रद्द केलं किंवा तिकीट असून बसू दिलं नाही तरच पैसे मिळतात. उशिराला काय, तर चहा-नाश्ता. पण पुढे एक कलम सापडलं. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने एक दिवस आधी प्रवाशाला कळवायला हवं, आणि दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे परत, असा पर्याय द्यायला हवा. कळवलं होतं का? नव्हतं. कळवलं असतं तर पोरगी आदल्या दिवशीची रेल्वे धरून आली असती. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ खाली लागली, पण माझा मुद्दा पक्का झाला.

दोन पानी तक्रार लिहिली. मागण्या पाच. सर्टिफिकेट त्यात चौथ्या नंबरवर होतं. 'प्रवाशास कोणतीही पूर्वसूचना न देता' हे वाक्य मी ठळक केलं आणि त्याखाली रेघ मारली. मंत्रालयाच्या तक्रार साइटवरही प्रत टाकली. दुसऱ्या दिवशी रांगेतल्या लोकांना वाचून दाखवली, इंग्रजीतली मराठीत करून. एकाने तर टाळी वाजवली.

चौथ्या दिवशी दुकानाच्या ईमेलवर उत्तर आलं. मी चहा मागवला आणि वाचायला बसले, कारण मला वाटलं होतं मजा येणार आहे. उत्तर अर्ध्या पानाचं होतं. विमानाला आठ तास पंचावन्न मिनिटं उशीर झाला हे त्यांनी मान्य केलं होतं. हेच पत्र उशिराचा दाखला म्हणून वापरावं, असंही लिहिलं होतं. मधल्या परिच्छेदात मात्र असं होतं की बदललेली वेळ प्रवाशाच्या नोंदवलेल्या नंबरावर तीन दिवस आधी कळवली होती, दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे असा पर्यायही दिला होता आणि प्रवाशाकडून काहीच उत्तर आलं नाही. नंबराचे शेवटचे चार आकडे दिले होते, चार चार एक सात.

तो नंबर माझा आहे.

कसा ते सांगते. कुठलाही फॉर्म भरला की ओटीपी येतो, आणि तो दोन-तीन मिनिटांत टाकावा लागतो. गिऱ्हाइकाचा नंबर दिला तर ओटीपी त्याच्या फोनवर जाणार. फोन असतो घरी, नाहीतर मुलाच्या खिशात धरमतरच्या जेट्टीवर, नाहीतर रिचार्ज संपलेला. मग माणूस घरी फोन लावणार, घरचे चष्मा शोधणार, तोवर मुदत संपणार. म्हणून पहिल्या वर्षापासून मी सरळ माझाच नंबर टाकते. लोकांनाही ते बरं वाटतं. "तुझाच टाक, आम्हाला कशाला ती कटकट," असं तेच म्हणतात. रोह्यातले आणि आसपासच्या गावांतले निम्मे कागद माझ्या नंबरावर आहेत, आणि मला त्याचा जरा अभिमानच होता.

मी मेसेज शोधायला बसले. विमानाच्या तीन दिवस आधी, ई-केवायसीच्या गर्दीत, एका दिवसात माझ्या फोनवर तीनशे बारा मेसेज आले होते. दोन ओटीपींच्या मध्ये तो सापडला, सकाळी अकरा बेचाळीसचा. नवी वेळ, विमानाचा नंबर, पर्याय निवडायची लिंक, सगळं व्यवस्थित होतं. मी तो उघडलाही नव्हता.

आधी काय वाटलं ते खरं सांगायचं तर लाज नाही वाटली, भीती वाटली. ही बातमी स्टँडपर्यंत गेली तर दुकानाचं काय होणार, हेच पहिलं मनात आलं. मेसेज पुसून टाकावा असंही आलं. पण पुसून काय होणार, त्यांच्याकडे नोंद होतीच. मग मी गुपचूप त्यांच्या साइटवर जाऊन नुसत्या सर्टिफिकेटचा साधा फॉर्म भरला. त्यावर रिझवानाचं नाव, तारीख आणि उशीर एवढंच येतं, बाकी काही नाही. तासाभरात उत्तर आलं की या तिकिटाबाबत आधीच तक्रार आली आहे, ती निकाली काढली आहे, सोबतचं पत्र पाहावं. आणि सोबत तेच अर्धं पान.

म्हणजे पहिल्या दिवशी रिझवानाचं ऐकून तो फॉर्म भरला असता तर तिला हवा तसा कागद मिळाला असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता हे पत्र आमीरभाईंना दाखवलं तर ते म्हणणार, पोरीला तीन दिवस आधी माहीत होतं, आळस केला आणि राहिली.

त्या संध्याकाळी भाभींचा फोन आला. "आलं काय गो उत्तर?"

"नाय भाभी. येईल दोन दिवसांत."

दुसऱ्या दिवशी परत फोन आला आणि मी परत तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी सहा तारीख उजाडली. आमीरभाईंना कागद आठ तारखेपर्यंत हवा होता. मी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, पत्राची प्रिंट पर्समध्ये घातली आणि स्कूटीवरून खाडीकडे त्यांच्या गावाला गेले.

रिझवाना ओट्यावर वाल सोलत बसली होती. भाभी शेजारी गेल्या होत्या. मला बघून तिने खुर्ची आणली. मी बसले नाही. प्रिंट तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "मधला पॅरा वाच."

तिने वाचला आणि प्रिंट घडी घालून परत दिली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"तो नंबर माझा हाय रिझवाना," मी म्हटलं. "मेसेज मला आला होता. मी बघितला नाय."

"मला माहीत हाय ताई."

"काय माहीत हाय?"

"विमानतळ उघडल्यावर मी काउंटरवर भांडायला गेले होते. तिथल्या मुलीने स्क्रीन फिरवून दाखवली. बघा म्हणाली, तुमच्या नंबरावर कळवलंय. तुमचा नंबर मला पाठ हाय ना, शिष्यवृत्तीपासून." ती परत वाल सोलायला लागली. "अम्मीला नाय सांगितलं. ती दुकानात येऊन तमाशा करील, रांगेतल्या लोकांसमोर. मला ते नको होतं."

"मग मला तरी सांगायचंस."

"म्हणूनच मी म्हणत होते, नुसतं सर्टिफिकेट मागवा. तुम्ही ऐकलं कुठे?"

मी खुर्चीत बसले. इतकी वर्षं मी या पोरीचे कागद भरत होते आणि मला वाटत होतं की मी हिला सांभाळते. इथे तीच मला दहा दिवस सांभाळत होती. मला फार लाज वाटली. चार माणसांत इज्जत जाते तेव्हा वाटते तशी नव्हती ती, त्याहून खोल होती.

"काल-परवा अम्मीला सांगितलंत की उत्तर आलं नाय," ती म्हणाली. "तेव्हाच वाटलं, उत्तर आलं असणार, पण आता नाय सांगत तुम्ही."

तेवढ्यात भाभी आल्या. माझ्या आवाजानेच आल्या असणार. "वैशाली, बस बस," म्हणत आत जाऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून, दोन दिवस खोटं बोलले तेही. मग त्यांनी गॅस बंद केला.

"रिझवानाचे अब्बा सांगतात, वैशालीकडे दिलं म्हणजे काम झालं," त्या म्हणाल्या. "कुवेतला होते तेव्हा पण फोनवर हेच. वैशालीकडे जा, दुसरीकडे जाऊ नको." त्यांनी साखरेचा डबा परत फळीवर ठेवला. "जा आता तू."

रिझवाना म्हणाली, "अम्मी."

"जा म्हटलं ना मी."

मी निघाले. चहा न पिता मी त्या घरातून पहिल्यांदाच बाहेर पडत होते. स्कूटीपाशी रिझवाना मागोमाग आली. मी तिला म्हटलं, "आमीरभाईंना हे पत्र दे. आणि सोबत माझं एक देते. उद्या सकाळी घेऊन जा."

ते पत्र मी त्याच संध्याकाळी टाइप केलं. इतक्या तक्रारी लिहिल्या, पण हे अर्धं पान लिहायला मला दोन तास लागले. चौथ्या खेपेला जमलं. 'सदर तिकिटावर प्रवाशाऐवजी माझा स्वतःचा मोबाइल नंबर मी नोंदवला. वेळ बदलल्याचा मेसेज माझ्या फोनवर आला. मी तो वाचला नाही व प्रवाशास कळवला नाही. यात प्रवाशाची काहीही चूक नाही.' खाली सही, दुकानाचा शिक्का, आणि मेसेजच्या स्क्रीनशॉटची प्रिंट. सकाळी रिझवाना येऊन पाकीट घेऊन पेणच्या गाडीला गेली. भाभी आल्या नाहीत.

दुपारी बाराच्या सुमाराला फोन वाजला. रांगेत चौदा-पंधरा माणसं होती. विमलबाई परत आल्या होत्या, त्यांचं पेन्शनचं अजून झालं नव्हतं.

"आमीर बोलतोय, पेणहून. वैशाली म्हणजे तुम्हीच ना? तुमचं पत्र मिळालं. ती मुलगी देऊन गेली."

"हो, मीच."

"राग मानू नका. असले शिक्क्याचे कागद माझ्याकडे रोज दोन येतात. कोणीही बनवून देतो. वरच्या साहेबांना मला उत्तर द्यायचंय. काय झालं ते तुमच्या तोंडून सांगा."

दुकान केवढं, तर दहा बाय आठ. मला बाहेर जाता आलं असतं. 'एक मिनिट' म्हणून मागच्या गल्लीत उभी राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. पण मी काउंटरमागून उठलेच नाही. उठले असते तर परत खोटं बोलल्यासारखंच झालं असतं, असं वाटलं.

"तिकीट मी काढलं," मी म्हटलं. "त्यावर माझा नंबर टाकला. विमान नऊ तासांनी पुढे गेलंय असा मेसेज मला तीन दिवस आधी आला. मी वाचला नाय. तिला कोणी सांगितलंच नाय. कंपनीने कळवलं होतं, चूक माझी हाय. मीच उलट कंपनीवर तक्रार केली."

तक्रार ऐकून टाळी वाजवणारा माणूस आज पण रांगेत होता. तो भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघायला लागला.

"तुम्ही तिचा नंबर का नाही टाकला?" आमीरभाईंनी विचारलं.

"ओटीपीसाठी. मी सगळ्यांचाच माझा टाकते."

"सगळ्यांचा?"

"व्हय."

विमलबाईंनी काउंटरवर बोट आपटलं. "माझ्या पेन्शनीला पण तुझाच हाय काय गो?"

"व्हय," मी त्यांनाही म्हटलं.

"म्हणून मला कायच कळत नाय होय," त्या मागच्या बाईला म्हणाल्या. मागच्या बाईने आपल्या पिशवीतले कागद काढून बघायला सुरुवात केली. मग तिच्या मागच्याने. दोघं जण काही न बोलता रांगेतून बाहेर पडले, त्यांना मी ओळखत होते, जुनी गिऱ्हाइकं.

पलीकडे आमीरभाई काहीतरी लिहीत असावेत. "ठीक आहे," ते म्हणाले. "बारा तारखेच्या यादीत घालतो तिला. साहेब मानतील, असं स्वतःवर घेऊन कोणी लिहून देत नाही. मुलाखतीची वेळ आदल्या दिवशी मेसेजने येईल. मुलाखतीचं हॉटेलही बदलू शकतं, तेव्हा फोनवर लक्ष ठेवायला सांगा. तिच्या फॉर्मवर नंबर आहे, शेवटचे आकडे चार चार एक सात. त्यावरच पाठवू ना?"

तो फॉर्मही मीच भरला होता.

"नको," मी म्हटलं. "त्यावर नको. तिचा स्वतःचा घ्या."

"सांगा."

मी फोनमध्ये रिझवानाचं नाव शोधलं. नव्हतं. वहीत बघितलं, तिच्या नावापुढे सगळीकडे माझाच नंबर होता. तिकीट पाठवलं होतं ते भाभींच्या फोनवर, निरोप जायचे ते भाभींच्या फोनवर. दहा वर्षांत मी या मुलीचे सतरा-अठरा फॉर्म भरले असतील आणि तिचा नंबर मी तिला एकदाही विचारला नव्हता.

"जरा थांबाल का?" मी आमीरभाईंना म्हटलं. दुकानाचा दुसरा फोन घेतला आणि साबिराभाभींना लावला. बराच वेळ वाजला. उचलणार नाहीत असं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात उचलला.

"भाभी, मी वैशाली. रिझवानाचं नाव घेतायत यादीत. तिचा नंबर पाहिजे, तिचा स्वतःचा."

रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते.

"भाभी?"

"लिव," त्या म्हणाल्या. "आणि लिवून झाला की मला वाचून दाखव."